फक्कीच्या रेघांचं घर

घर बांधायच्या आधीच ते वापरून जुनं करून ठेवणारा माणूस आमच्या कृष्णाकाठी एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमच्या दाजींचं घर पंचक्रोशीत गाजू लागलं तेव्हा त्याचा एक दगडही जागेवर नव्हता. त्यांच्या माजघरात वारा कसा खेळतो यावर इस्लामपूरच्या बाजारात लोक बोलत. न्हाणीचं दार परसाकडे हवं की सोप्याकडे यावरून पारावर दोन तट पडत. मी सांगलीहून जाऊन मोटारीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच कुणीतरी विचारी, "काय मास्तर, हवालदारांची खिडकी कुटवर आली?" खिडकी कुठवर येणार? ती आज इकडे, उद्या तिकडे अशी जमिनीवरच सरकत होती. मी शाळामास्तर. पण माझे जेवढे केस दाजींच्या घराने पांढरे केले तेवढे शाळेतल्या पोरांनीही केले नाहीत.

दाजी पेन्शनर हवालदार. उमेदीची सारी वर्षं त्यांनी सफरमैनात, म्हणजे खंदक खणणाऱ्या आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत काढली. पहिल्या लढाईत ते पार बसऱ्यापर्यंत जाऊन आले आणि तिथून त्यांनी थोडा संधिवात आणि खेचरांची एक गोष्ट एवढंच घरी आणलं. गोष्ट अशी, की कुणा घाईच्या साहेबाने नदीचा तळ न बघता पूल टाकला आणि दारूगोळा लादलेली खेचरं पुलासकट पाण्यात बसली. बस, एवढीच गोष्ट. पण ती दाजींनी मला लग्नांत, बारशांत, गुऱ्हाळावर, आणि एकदा तर माझ्या वडिलांच्या दहाव्याला नदीच्या घाटावर उभं राहून सांगितलेली आहे. आक्का लाडू करायला बसली तरी हे पाकाचा थेंब बोटावर घेऊन बघत आणि म्हणत, "तळ बगून उतरावं. खेचरं काय उगं बुडली न्हाईत." आक्का वैतागून म्हणे, "आवं, लाडवात कसली खेचरं?" त्यावर दाजी मिशीवरून हात फिरवत शांतपणे सांगत, "खेचरं समदीकडं असत्यात."

आता आक्काचं सांगतो, म्हणजे माझा जीव कशासाठी जळत होता ते कळेल. आक्का लग्न होऊन गेली ती खटल्याच्या घरात. दीर, जावा, पोरंबाळं, गडीमाणसं. दाजी पलटणीत, वर्षाकाठी रजेवर येणार आणि पाहुण्यासारखे राहून जाणार. बाकीची सारी वर्षं तिने जावांच्या चुलीवर पाळीने भाकरी थापल्या. तिची म्हणून पाण्याची घागर ठेवायला त्या घरात हक्काचा कोपरा नव्हता. आज इथे ठेवली तर उद्या कुणीतरी उचलून तिकडे ठेवी. तिला एकुलती एक मुलगी. ती पोर वाढीला लागली तशी आक्काने एकच धोसरा लावला. माहेरी आली की मला म्हणे, "बापू, मी दुसऱ्याच्या उंबऱ्यातनं आत आले आन् दुसऱ्याच्याच उंबऱ्यात ऱ्हायले. माज्या लेकीनं तरी माज्या सवताच्या उंबऱ्यातनं सासरला जावं. एवढं एक बग रं." मी बघणार म्हणजे काय करणार? उंबरा दाजींच्या हातात होता, आणि दाजींना घाई हा शब्दच सोसत नव्हता.

दुसरी लढाई पेटली त्या सुमाराला भावांनी समजुतीने दाजींना गावाबाहेर, इस्लामपूरच्या रस्त्याला, एक मोकळी जागा काढून दिली. आक्काला वाटलं, येत्या दिवाळीला पाया पडणार. दाजींनी काय केलं, तर त्या जागेत एक बाजलं नेऊन टाकलं आणि त्याच्यावर जाऊन बसले. नुसते बसले. उन्हाळ्यात सावली कुठून कुठे सरकते ते बघत बसले, थंडीत ऊन पहिल्यांदा कुठे उतरतं ते बघत बसले, आणि पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पाणी कुठे साचतं ते बघत बसले. "जिमिनीची आदी वळख व्हायला पायजे, पावनं," मला म्हणाले. "बायकू करून आनताना आमी बगितली न्हाई, ते चाललं. जिमीन बगितल्याबिगर चालत न्हाई." हे आक्कासमोर! गावात बोभाटा झाला की हवालदार बायकोशी भांडून रानात जाऊन राहिला. शेवटी त्यांचे थोरले भाऊ छत्री घेऊन भर पावसात समजूत काढायला गेले. "बायकू काय बोलली असंल तर पोटात घाल, पर घरला चल." दाजींनी भावाला बाजल्यावर शेजारी बसवून घेतलं आणि पाण्याचा लोट कुठून येतो ते दाखवलं. थोरल्यांना पुढे बरेच दिवस खोकला होता.

त्यानंतर खड्डा. जमीन काळी. काळ्या मातीतलं घर उन्हाळ्यात चिरतं, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणून बघावं लागतं, हे खरं आहे आणि ते कुणीही सांगेल. पण लोक एका कोपऱ्यात खणतात. दाजींनी पलटणीतल्या जुन्या सरावाने चारी कोपऱ्यांत आणि मध्येही, तेही स्वतः, कोट काढून, खणलं. आता गावाबाहेर एक पेन्शनर माणूस खड्ड्यात छातीइतका उतरून माती चिमटीत घेऊन हुंगतो आहे, हे बघितल्यावर गावाला काय वाटणार? गुप्तधन! बसऱ्याहून येताना हवालदाराला नकाशा मिळालाय, इथपर्यंत मजल गेली. एक देवऋषी तर लिंबू-गुलाल घेऊन दारात आला आणि अर्धा वाटा मागू लागला. दाजी त्याला खड्ड्याजवळ घेऊन गेले, पिवळा मुरूम मूठभर काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्येच धन. अर्दा तुजा." देवऋषी शिव्या देत गेला. सगळे खड्डे पुन्हा बुजवले गेले आणि आक्काच्या वाट्याला आणखी एक पावसाळा जावांच्या चुलीपुढे आला.

मग दाजी दुसऱ्यांची घरं बघू लागले. बघू लागले म्हणजे चांगली घरं नव्हे, चुकलेली घरं. कुणाच्याही ओसरीवर चहा पिऊन झाला की बशी खाली ठेवत विचारायचे, "तुमचं घर कुटं चुकलंय?" घरधनी चरकायचा. पण खरी गंमत पुढेच. पहिला धक्का ओसरला की तो हळूच दाजींना आत घेऊन जायचा आणि ओल धरणारी भिंत, डोक्याला लागणारी तुळई, कुणाकडेही न काढलेलं सगळं दुखणं उघडं करायचा. दाजी वैद्यासारखे मान डोलवायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला वडूजला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, नाव-गाव विचारून झालं, आणि दाजी दिसेनात. ते माळ्यावर चढून वाश्यांना वाळवी किती लागलीय ते काठीने टोकरत होते. खाली मुलीच्या डोक्यावर भुसा पडला. त्या सोयरिकीचं पुढे काही झालं नाही हे सांगायला नकोच. परतीच्या वाटेवर सगळे तोंड पाडून बसलेले, आणि दाजी एकटे प्रसन्न. "बरं झालं गेलो," म्हणाले. "माळ्याला झडप ठेवायची. लक्षात आलं."

सामानाची तऱ्हा तर विचारूच नका. लढाईमुळे सगळ्यावर कंट्रोल आला होता. रॉकेल मिळेना, लोखंड मिळेना, उसाच्या गावात साखर मिळेना. लोक कावलेले होते. दाजी खूश होते, कारण आता घाई करा असं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. त्यांना लोखंड नकोच होतं. त्यांनी बाभळीचे आणि कडुनिंबाचे सोट आणून शेतातल्या विहिरीत बुडवून ठेवले. लाकडातला रस पाण्यात उतरला की पुढे कीड लागत नाही म्हणे. लागत नसेलही, पण धाकट्या भावाची मोट त्या सोटांत अडकून फाटली आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. परसात एक खड्डा काढून त्यात चुना भिजत घातला. महिने लोटले. मी विचारलं, "दाजी, लाकडाचं काय?" तर म्हणे, "मुरतंय." "चुन्याचं काय?" "त्योबी मुरतोय." आक्का भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "समदं मुरलं रं बापू. मीच तेवडी कच्ची ऱ्हायले." ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. त्या दिवशी मी दाजींशी न बोलता मोटारीला जाऊन बसलो. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मोटारीच्या खिडकीशी येऊन त्यांनी मलाच विचारलं, सांगलीच्या शाळेच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात का?

आणि मग एक दिवस त्यांनी जागेवर फक्की मारली. हुतुतूचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीने अख्खं घर, खऱ्या मापात, जमिनीवर काढलं. हा सोपा, हे माजघर, हे स्वयंपाकघर, ही न्हाणी, ही पडवी. भिंतीच्या जागी जोडरेघ, दाराच्या जागी रेघ तुटलेली. इथपर्यंत ठीक होतं. घर आखून बघतातच लोक. पण दाजी म्हणाले, "आता ऱ्हाऊन बगायचं." दर सोमवारी, बैलांना जुंपत नाहीत त्या दिवशी, आक्काने भाकरीचं पीठ, कळशी, तवा घेऊन त्या रेघांत जायचं, रेघांच्या स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल मांडायची, आणि दाजींनी रेघांच्या सोप्यात बसून पान खायचं. वर आभाळ, बाजूला रस्ता, येणारा-जाणारा थांबून बघतोय, आणि हे दोघं संसार करताहेत.

नियम एकच. भिंतीतून जायचं नाही. मला तो नियम माहीत नव्हता. मी सांगलीहून आलो, उन्हाचा रस्त्यावरून सरळ चालत गेलो, आणि दाजी गरजले, "पावनं, हुबं ऱ्हावा!" मला वाटलं साप आहे. पाय उचलून उभा राहिलो.

"कुटनं आलासा?"

"सांगलीहून."

"तसं न्हवं. भितीतनं आलासा की! माघारी जावा. दारातनं या."

मी त्या घराचा सख्खा मेहुणा, गावात चार माणसं मला मास्तर म्हणून नमस्कार करतात. मी एका हातात पिशवी आणि एका हातात छत्री घेऊन उन्हातून माघारी गेलो, वळसा घातला, आणि जिथे काहीच नव्हतं अशा जागेतून वाकून आत आलो. का वाकलो ते मला आजही सांगता येणार नाही. "आता कसं!" दाजी म्हणाले आणि त्यांनी मला पान दिलं. पोस्टमन मात्र लवकर शिकला. तो दारात उभा राहून खाकरायचा आणि मगच कार्ड द्यायचा. शेजारच्या वस्तीवरची एक म्हैस तेवढी शिकली नाही. ती माजघर तुडवून गेली तेव्हा दाजी काठी घेऊन तिच्यामागे धावले, "माजी भित पाडलीस की गं!" म्हणत.

त्या घरात सगळ्यात हाल आक्काचे. दाजी तिला रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून भरली कळशी घेऊन परत परत चालत आणायचे, आणि कळशी खाली उतरवताना तिचा हात आपोआप जिथे जाईल तिथे एक दगड ठेवायचे. मग दगडापाशी बसून विचार करायचे. चूल पेटवली की तिच्या शेजारी उकिडवे बसून विचारायचे, "आता सांग, धूर कुनीकडं जातोय? तुज्या डोळ्यात जातोय का?" तिने हो म्हटलं की पुढच्या सोमवारी स्वयंपाकघर दुसरीकडे. ते तिकडे गेलं की न्हाणी हलायची, न्हाणी हलली की पडवी. एका उन्हाळ्यात तर संबंध घर असं गोल फिरलं की सोप्याच्या जागी न्हाणी आली. मी एकदा न राहवून म्हणालो, "दाजी, बस करा आता. माझ्या बहिणीला उन्हातान्हात किती कळश्या वाहायला लावणार?" दाजी माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना मी काय म्हणतोय तेच उमगेना. "आवं पावनं, आता वाहिल्या न्हाईत तर पुढं जलमभर चार पावलं जास्त वाहायला लागत्याल," म्हणाले. मला तेव्हा राग एवढा आला होता की ते वाक्य मी ऐकून सोडून दिलं.

अशात पोरीला स्थळ आलं. शिराळ्याचं घर, बागायती जमीन, मुलगा फौजेतून नुकताच सुखरूप परतलेला. लढाई संपली होती. होणारे व्याही म्हणजे भारी असामी; फेटा जरीचा, आवाज ढोलासारखा. त्यांना मुलगी पसंत होती. सुपारी कुठे फोडायची असा प्रश्न निघाला, तसे म्हणाले, "हवालदारांच्या नव्या घरात. एवडा बोलबाला ऐकलाय, आमच्या घरातनंबी बगायला येनार." त्यांच्या घरातनं म्हणजे विहीणबाई. त्यांच्यापर्यंत आक्काच्या स्वयंपाकघराची कीर्ती गेली होती. खिडकी कुठे, चूल कुठे, कळशी कुठे, सगळं त्यांना ऐकून पाठ होतं. एक गोष्ट सोडून. ती सांगायची कुणाला सुचलीच नाही. आमच्या गावाला त्या घराची इतकी सवय झाली होती की ते नाही, हे लोक विसरून गेले होते.

निरोप आला आणि आक्काने अंथरूण धरलं. मी रजा टाकून धावलो. दाजी रेघांत बसून पडवीचा उतार बघत होते. मी त्यांना जे बोलायला नको ते सगळं बोललो. म्हणालो, पोरीची सोयरीक मोडणार आहे, तुमच्या या पांढऱ्या पिठापायी मोडणार आहे, आणि मोडली तर आक्का तुम्हाला जन्मात क्षमा करणार नाही, मीही करणार नाही. दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चौकट तयार हाय. दिस चांगला असंल तर हुबी करूया." घराच्या कामात दाराची चौकट पहिली उभी राहते, तिला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, हे बरोबर आहे. पण ते पाया भरल्यावर! सुतार डोक्याला हात लावून बसला. तरी सुपारीच्या दिवशी सकाळी, बांबूच्या टेकूंवर, त्या मोकळ्या रानात एक भलीथोरली बाभळीची चौकट उंबऱ्यासकट उभी राहिली. आंब्याचं तोरण, मध्ये नारळ, आणि पलीकडे नुसतं आभाळ. मला ती बघवेना.

पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणारी मोटार आली. व्याह्यांचा फेटा काजळीने ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. ते उतरले, उपरण्याने तोंड पुसलं, चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चौकटीकडे.

"हवालदार, घर कुटं हाय?"

"ह्ये काय," दाजी म्हणाले. "या की. दारातनं या."

व्याही दारातून आले नाहीत. ते तरातरा बाजूने चालत, सोप्याची आणि माजघराची भिंत तुडवत मधोमध जाऊन उभे राहिले. दाजींच्या तोंडावर कळ उमटली, पण त्या दिवशी ते गप्प राहिले. तेवढं तरी त्यांना कळलं. "आमाला येडं समजलासा व्हय?" व्याही गरजले. "समदा मुलूक ज्येची तारीफ करतोय त्यो ह्यो चुना? घर नसलेल्या माणसाची पोरगी आमी करायची?" बरोबरची मंडळी कुजबुजू लागली. पोरगी तिकडे चुलत्यांच्या घरात नवं लुगडं नेसून बसलेली. मी पुढे होऊन काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आता हे मोटारीत चढणार, आणि माझ्या बहिणीचा एवढ्या वर्षांचा उंबरा रानात तसाच उभा राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

या गडबडीत विहीणबाईंकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या मात्र चौकटीतून, उंबऱ्याला हात लावून, आत गेल्या होत्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आक्कासमोर उभ्या होत्या. आक्का अंथरुणातून उठून आलेली, चेहरा उतरलेला. पण विहीणबाईंनी विचारलं, "चूल हितंच का ओ?" आणि आक्का बोलू लागली. चूल इथे, कारण पावसाळी वारा तिकडून येतो आणि धूर या झरोक्यातून बाहेर जातो. कळशी इथे, कारण हात इथेच उतरतो. न्हाणीचं पाणी इकडून परसातल्या केळींना. पिठाचा डबा या उंचीवर, खांद्याला ओढ बसत नाही. ती हाताने हवेत फळी दाखवत होती, आणि मला ती फळी दिसली. कुरकुर करणारी माझी बहीण त्या घरात कधीच राहायला गेली होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचं घर लय मोटं हाय. पर चूल वाऱ्याच्या तोंडाला. लगीन हून आल्यापास्नं डोळं चोळतीया. चूल कुटं मांडू म्हनून आमच्या धन्यानं मला एकदा जरी इचारलं असतं, तर मी बाई रेघंवर संसार केला असता."

भिंती नव्हत्या. त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. व्याह्यांना तर अगदी समोर ऐकू गेलं. त्यांनी फेटा उगाच सारखा केला, जोड्याकडे बघितलं. मग ते गुपचूप बाहेर गेले, वळसा घालून चौकटीतून आत आले, सोप्यात मांडी घालून बसले आणि भटजींना म्हणाले, "फोडा सुपारी. उशीर कशाला?"

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. दिवाळी झाली तशी चौकट हळूच बाजूला करून पाया घेतला, आणि घर असं भराभर वर आलं की गवंडी बावरला. त्याला विचारायला काही शिल्लकच नव्हतं. दगड घडवलेला, चुना मुरलेला, लाकूड तयार. तो हातात थापी घेऊन दाजींकडे बघे आणि दाजी नुसती मान हलवत. वैशाखात लग्न लागलं. निघताना पोरीने आपल्या आईच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं, आणि आक्का चौकटीला धरून उभी राहिली. मी तोंड फिरवलं; मामाने रडायचं नसतं.

लग्नानंतर निरोप घ्यायला गेलो तर दाजी सोप्यात भिंतीला टेकून बसलेले. लोक येऊन घराची वाखाणणी करत होते आणि ते हूं म्हणत होते. जेवण कमी झालं होतं, खेचरांची गोष्टही त्यांनी मला सांगितली नाही. मी म्हटलं, "दाजी, झालं की मनासारखं." ते भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "झालं. आता कायबी हलत न्हाई." एवढ्यात आक्का चहा घेऊन बाहेर आली. कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "आवं, वाटणीत आलेल्या म्हशीचं काय? पावसाळ्यात तिला आशी उगड्यावर बांदायची व्हय? गोटा पायजे."

दाजींनी मान वर केली. मी उत्साहाने म्हणालो, "मग उद्याच गवंड्याला बोलावतो, आठवड्यात होऊन जाईल." आक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी कप तोंडाला लावला. "तू गप रं. घाई कशाला? जागा बगायला पायजे, वारं बगायला पायजे. नीट बगून करूया." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत दाजींनी पायात जोडा घातला होता. ते परसाकडे गेले. आक्का त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाली, "माजं घर झालं रं, बापू. ह्यास्नी नगं का कायतरी?"

तो गोठा झाला नाही. म्हैस कडब्याच्या आडोशाला राहिली, व्याली, म्हातारी झाली, दुसरी आली. पुढे बऱ्याच वर्षांनी दाजी अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. आवाज पार बसला होता. त्यांनी आक्काला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, "म्हशीचं त्वांड कुनीकडं करावं म्हंतीस?" आक्का त्यांच्या पायांवरची घोंगडी सारखी करत म्हणाली, "सांगते की. पर तुमी उटा आदी. मग दोगं जाऊन बगू."